बडीशेपेचे रान : ‘मॅरेथॉन’ या नावाचा प्रवास



जेवण उरकले की आपल्याकडे बडीशेपेची वाटी पुढे येते. त्यातली चिमूटभर हातावर घेताना ग्रीस देश आठवण्याचे काही कारण नाही. पण या हिरव्या दाण्यांचे जुने ग्रीक नाव ‘मरथॉन’ असे होते; आणि ज्या मैदानावर हे झुडूप उदंड माजत असे, त्या मैदानाला ग्रीकांनी ‘मरथोन’ म्हटले. इंग्रजीच्या वाटेने आपल्यापर्यंत येता येता त्याचे ‘मॅरेथॉन’ झाले.

आज हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की तो पाहुणा आहे हेही ध्यानात येत नाही. धावण्याच्या शर्यतीपुरताही तो उरलेला नाही. ‘मंत्रिमंडळाची मॅरेथॉन बैठक’ असा मथळा आपण सकाळच्या चहाबरोबर वाचतो. त्या बैठकीत कोणी धावत नसते. सगळे बसलेलेच असतात. पुष्कळ वेळ चाललेले, संपता संपत नसलेले, एवढाच अर्थ तिथे शिल्लक आहे. बडीशेपेच्या रानापासून या लांबलेल्या बैठकीपर्यंत हे नाव कसे आले, ते या लेखात तुमच्यापुढे मांडायचे आहे. त्यासोबत एक प्रश्नही आहे. नावाचा अर्थ कुठे असतो? ते जिथून निघाले तिथे, की ज्यांनी ते पुढे वागवले त्यांच्यापाशी? बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबाद अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या राहून आपली नावे आणि आडनावे सांभाळणाऱ्या घरांना हा प्रश्न केवळ पंडितांचा वाटणार नाही.

आधी जागा पाहू. अथेन्स शहराच्या ईशान्येस सुमारे चाळीस किलोमीटरवर, डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये एक सपाट पट्टी आहे. तेच मॅरेथॉनचे मैदान. नावाची फोड सोपी आहे. वनस्पतीच्या नावात शेवटचा ‘ओ’ ऱ्हस्व, गावाच्या नावात तो दीर्घ. हा दीर्घ ‘ओन’ प्रत्यय ग्रीक भाषेत, एखादी गोष्ट जिथे भरपूर आहे ती जागा दाखवतो. ‘अंपेलॉस’ म्हणजे द्राक्षवेल आणि ‘अंपेलोन’ म्हणजे द्राक्षमळा. ‘दाफ्ने’ हे एका सुगंधी पानांच्या झाडाचे नाव, आणि त्या झाडांची राई ती ‘दाफ्नोन’. आपल्याकडे आंब्यांची आमराई होते, तसाच हा प्रकार. तेव्हा मॅरेथॉन म्हणजे बडीशेपेचे रान. माणसाच्या उंचीचे, पिवळ्या फुलांच्या छत्र्या डोक्यावर घेतलेले हे झुडूप भूमध्य समुद्राच्या काठाने कुठेही आपोआप उगवते. त्यासाठी कुणी नांगर धरावा लागत नाही.

हा केवळ आजच्या अभ्यासकांचा तर्क नाही. इसवी सनाच्या आरंभाच्या सुमारास लिहिणारा भूगोलकार स्ट्रॅबो स्पेनमधल्या एका मैदानाचे वर्णन करताना सांगतो, की तिथे बडीशेप फार उगवते म्हणून त्या मैदानाला तिचेच नाव पडले आहे. त्याच्यानंतर कित्येक शतकांनी पोर्तुगीज दर्यावर्दी अटलांटिक महासागरातल्या मदेरा बेटावर उतरले, तिथेही हेच झुडूप माजलेले होते. पोर्तुगीज भाषेत बडीशेपेला ‘फुंशू’ म्हणतात. त्यावरून तिथल्या गावाचे नाव ‘फुंशाल’ पडले. गोव्याच्या वाचकांना हे नाव अगदीच परके नसावे. १५३० च्या दशकात गोव्याचा धर्मप्रांत स्थापन झाला, तेव्हा तो याच फुंशालच्या आर्चबिशपच्या अखत्यारीत होता. म्हणजे मांडवीकाठच्या ख्रिस्ती धर्मव्यवस्थेची सूत्रे काही काळ एका बडीशेपेच्या गावाशी बांधलेली होती.

झाडावरून गावाचे नाव पडणे ही जगभरची रीत आहे, आणि आपल्याला तर ती उंबऱ्यावरची. पिंपळगाव, जांभूळवाडी, बोरगाव, बाभूळगाव, चिंचवड ही नावे उलगडून सांगावी लागत नाहीत. बडोद्याचे ‘वटपद्रक’ हे जुने रूप ताम्रपटांत सापडते. वट म्हणजे वड आणि पद्रक म्हणजे गाव. पुढे ‘वटोदर’, म्हणजे वडांच्या पोटातले गाव, अशीही त्याची फोड लोकांनी केली. बेळगावचे जुने नाव वेणुग्राम, म्हणजे वेळूंचे गाव. गायकवाडांची राजधानी वडाच्या नावाने आणि सीमेवरचे शहर वेळूच्या नावाने ओळखले जावे, यात कुणाला कमीपणा वाटत नाही. मॅरेथॉनचे मूळ सांगताना मात्र ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर थोडी निराशा दिसते, हा माझा अनुभव आहे. एवढे गाजलेले नाव, आणि मुळाशी बडीशेप! त्या निराशेकडे आपण पुन्हा येऊ.

या नावाचे सर्वांत जुने रूप कुठे सापडते? गावाच्या नावात नाही, मसाल्यांच्या यादीत. १९५० च्या दशकात ॲलन वेस यांनी मायसीनी या प्राचीन नगराच्या तटाबाहेरची घरे उकरली, तेव्हा तिथे मातीच्या लहान लहान पाट्या मिळाल्या. इ.स.पूर्व तेराव्या शतकातल्या या पाट्या. कारकुनाने ओल्या मातीवर टोकदार काडीने हिशेब लिहिला, आणि पुढे घराला आग लागली तेव्हा त्या भाजल्या गेल्या, म्हणूनच टिकल्या. घर जळाले आणि हिशेब उरला. त्यांची लिपी मायकेल व्हेंट्रिस या तरुण वास्तुशिल्पकाराने १९५२ मध्ये उलगडली आणि तिच्यातली भाषा ग्रीक आहे हे दाखवून दिले.

त्या पाट्यांवर काय आहे? ‘को-रि-या-दो-नो’ म्हणजे धने. ‘कु-मि-नो’ म्हणजे जिरे. ‘सा-सा-मा’ म्हणजे तीळ. ‘का-ना-को’ म्हणजे करडई. आणि ‘म-र-तु-वो’, म्हणजे आपली बडीशेप. सव्वातीन हजार वर्षांपूर्वीचा हा ग्रीक मिसळणाचा डबा आहे. कुठल्याही मराठी गृहिणीने तो उघडावा आणि निम्म्याहून अधिक जिन्नस ओळखावेत.

‘म-र-तु-वो’चे ‘मरथॉन’ कसे, हा प्रश्न तुमच्या मनात येईल. ज्यांच्या घरात मोडीची दफ्तरे आहेत, त्यांना हे समजावणे सोपे आहे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही. वाचणारा संदर्भावरून शब्द लावतो. या ग्रीक लिपीतही ‘त’ आणि ‘थ’ यांना एकच चिन्ह होते आणि शब्दाच्या शेवटचा ‘न’ लिहिला जात नसे. त्यामुळे ‘म-र-तु-वो’ हे अक्षर ‘मरथ्वॉन’ असे वाचायचे. त्यातला ‘व’ पुढच्या काळात अथेन्सच्या बोलीतून गळून गेला. हा गळालेला ‘व’ लक्षात ठेवा; थोड्या वेळाने तो कामास येणार आहे.

याच्याही मागे जाता येते का? ग्रीक ही संस्कृतची दूरची बहीण. पितृ-मातृ अशा शेकडो शब्दांत ते नाते दिसते. ‘मरथ्वॉन’ला मात्र या कुळात खात्रीचा धातू सापडत नाही. ग्रीक बोलणारे लोक या देशात उतरण्यापूर्वी तिथे दुसरी माणसे राहत होती आणि दुसऱ्या भाषा बोलत होती. पाहुण्यांनी तिथली झाडे पाहिली, आणि झाडांबरोबर नावेही घेतली असावीत. याच मैदानात या जुन्या माणसांच्या खुणा आहेत. प्राचीन काळी इथल्या चार गावांचा मिळून एक गट होता आणि त्याला ‘चतुष्पुरी’ म्हणावे असेच ग्रीक नाव होते. मॅरेथॉन, ओइनोए, त्रिकोरिंथॉस आणि प्रोबालिंथॉस ही ती चार गावे. ओइनोएचे नाव द्राक्षवेलीशी जोडले जाते. उरलेल्या दोहोंच्या शेवटी ‘इंथॉस’ आहे. कोरिंथ शहराच्या नावात तोच आहे, आणि क्रीट बेटावरच्या ‘लाबिरिंथॉस’ या चक्रव्यूहातही तोच. पाउल क्रेच्मर या भाषाशास्त्रज्ञाने १८९६ मध्ये अशा नावांचा अभ्यास करून दाखवले की हा प्रत्यय ग्रीकांचा नव्हे, त्यांच्या आधीच्या लोकांचा आहे. ते लोक गेले, त्यांची भाषा गेली, देव गेले. गावांची नावे तेवढी मागे राहिली, आणि ती दुसऱ्यांच्या तोंडी राहिली. राज्ये बदलतात, दफ्तराची भाषा बदलते, पण गावाचे नाव सहसा मरत नाही. हे आपल्याला कुणी ग्रीसहून येऊन सांगायला नको.

आता तो प्रश्न, जो अशा व्याख्यानानंतर कुणी ना कुणी विचारतोच. ‘मरथोन’ आणि ‘मराठा’ यांचे काही नाते असेल का? कानाला तसे वाटते खरे. शूरांची भूमी, शूरांचे नाव. मन लगेच पूल बांधू लागते. असा पूल पडताळून पाहण्याची एक साधी रीत आहे. दोन्ही शब्दांची सापडतील तितकी जुनी रूपे शेजारी मांडायची. जसजसे मागे जावे तसतशी ती जवळ येत असतील तर नात्याचा विचार करावा. दूर जात असतील तर साम्य योगायोगाचे समजावे.

मराठा या शब्दाच्या मागे प्राकृतातले ‘मरहट्ठ’ आहे आणि त्याच्या मागे ‘महाराष्ट्र’. म्हणजे आपला ‘ठ’ हा ‘ष्ट्र’ या जोडाक्षरातून आलेला आहे, आणि ‘रा’च्या आधी एके काळी ‘महा’ हा सबंध शब्द उभा होता. ग्रीक शब्दाच्या मागे ‘मरथ्वॉन’. तिथे ‘थ’ दंत्य आहे, कारण मूर्धन्य वर्ण ग्रीकात नाहीतच. आणि त्या ‘थ’पुढे तो गळालेला ‘व’ उभा आहे. मागे जाताना एक वाट ‘महाराष्ट्रा’कडे जाते आणि दुसरी मायसीनीच्या मसाल्याच्या कोठीत. दोन्ही वाटा आजच्या उच्चारातच एकमेकींच्या शेजारून जातात, आणि तेवढेच त्यांचे शेजार. हे ऐकून कुणाचा हिरमोड झाला तर त्याबद्दल क्षमा मागतो. पण उसन्या नात्याची आपल्याला गरज नाही.

असा हिरमोड खुद्द ग्रीकांचाही झाला असावा. गाव प्रसिद्ध झाले, तशी बडीशेप त्यांना अपुरी वाटू लागली. मग नावामागे एक वीरपुरुष उभा राहिला. पौसानियास हा प्रवासी इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात सांगतो, की मॅरेथॉन नावाच्या वीरावरून मैदानाला नाव मिळाले. हा वीर एपोपेउस राजाचा मुलगा, बापाच्या अन्यायाला कंटाळून या किनाऱ्यावर आलेला. प्लुटार्कने दुसरी कथा नोंदवली आहे. तिच्यात माराथॉस नावाचा योद्धा आहे, आणि त्याने देववाणीनुसार सैन्यापुढे स्वतःचा बळी देऊ केला, म्हणून गावाला त्याचे नाव. दोन कथा, दोन वीर; आणि दोघांचीही नावे गावाच्या नावातून काढलेली.

आपल्याकडेही हे घडते. ग्वाल्हेरच्या वाचकांनी लहानपणापासून ऐकलेले असेल, की ग्वालिप नावाच्या साधूने राजा सूरजसेनाचा रोग बरा केला आणि त्या साधूच्या नावावरून गडाला नाव मिळाले. जुने शिलालेख मात्र त्या डोंगराला गोपगिरी, गोपाद्री म्हणतात. म्हणजे गुराख्यांचा डोंगर. गुराखी आधी, साधू मागाहून. म्हणून साधूची कथा टाकून द्यावी असे मी म्हणत नाही. नावाच्या मुळाबद्दल ती काही सांगत नाही. पण त्या गावात राहणाऱ्यांना आपल्या नावाकडून काय हवे होते, ते ती अचूक सांगते.

मॅरेथॉनला ते इ.स.पूर्व ४९० मध्ये मिळाले. त्याआधी हे नाव अगदीच अनोळखी नव्हते. ‘ओडिसी’ महाकाव्यात अथीना देवी अथेन्सला जाताना मॅरेथॉनवरून गेल्याचा उल्लेख आहे. पण त्या वर्षीच्या एका दिवसाने नावाचा अर्थ बदलला. इराणच्या दारयवौश सम्राटाचे आरमार या किनाऱ्याला लागले. त्यांना इथे घेऊन येणारा माणूस अथेन्सचाच होता. त्याचे नाव हिप्पियास.

या माणसाची गोष्ट हिरोडोटसने सांगितली आहे, आणि ती लढाईच्या वर्णनाहून माझ्या मनात अधिक राहिली आहे. हिप्पियास अथेन्सच्या हुकूमशहाचा मुलगा. इ.स.पूर्व ५४६ च्या सुमारास त्याचा बाप परागंदा अवस्थेतून परतला तो याच मैदानावर उतरून, आणि त्या वेळी तरुण हिप्पियास त्याच्याबरोबर होता. पुढे तोही सत्तेवर आला आणि इ.स.पूर्व ५१० मध्ये अथेन्सकरांनी त्याला हाकलून दिले. वीस वर्षे परक्या राजाच्या आश्रयाला काढल्यावर तो म्हातारा होऊन परत आला, आणि सैन्य उतरवण्यासाठी त्याने हेच मैदान सुचवले. घोडदळाला मोकळी जागा हे कारण हिरोडोटस देतो. पण या माणसाच्या लेखी मॅरेथॉन या शब्दाचा अर्थ ‘घरी परतण्याची जागा’ असाच असणार, असे मला वाटते.

आदल्या रात्री त्याने आईजवळ निजल्याचे स्वप्न पाहिले होते. आई म्हणजे जन्मभूमी. तेव्हा आपल्याला अथेन्स मिळणार आणि आपण आपल्याच मातीत डोळे मिटणार, असा त्याने अर्थ लावला. किनाऱ्यावर सैन्याची व्यवस्था लावताना त्याला जोराची शिंक आणि खोकला आला. वयामुळे दात हलत होते. त्यातला एक उडून वाळूत पडला. त्याने तो पुष्कळ शोधला. सापडला नाही. तेव्हा तो जवळच्यांना म्हणाला, की ही भूमी आता आपली नाही आणि आपल्या हाती यायची नाही. माझ्या वाट्याचा जो काय तुकडा होता तो त्या दाताने घेतला.

पुढची लढाई शाळेच्या पुस्तकात सर्वांनी वाचलेली असते. अथेन्सचे आणि प्लाटेया या लहान गावाचे पायदळ त्या मोठ्या सैन्यावर चालून गेले आणि त्यांनी ते समुद्राकडे रेटले. हिरोडोटस मृतांचे आकडे देतो: इराणी बाजूचे ६,४०० आणि अथेन्सचे १९२. अथेन्सची रीत अशी, की युद्धात पडलेल्यांच्या अस्थी शहरात आणून पुरायच्या. थुसिडिडीस सांगतो, की मॅरेथॉनच्या वीरांसाठी ही रीत मोडली. त्यांचे शौर्य असाधारण मानून त्यांना तिथेच पुरले. त्यांच्यावर रचलेला मातीचा ढिगारा आजही त्या मैदानात आहे, सुमारे नऊ मीटर उंच. १८९० मध्ये तिथे उत्खनन झाले तेव्हा आतून राख, अस्थी आणि त्या काळची भांडी निघाली.

इथून पुढे नावाने बडीशेपेची साथ सोडली. लढाईनंतर दोन पिढ्यांनी ॲरिस्टोफेनिसच्या नाटकांत ‘मॅरेथॉनचे लढवय्ये’ असा एकच सामासिक शब्द येतो. जुन्या वळणाचे, काटक म्हातारे असा त्याचा भाव. नाटककार एस्किलस स्वतः या लढाईत लढला होता. पौसानियास लिहितो, की मरणसमयी त्याने आपल्या स्मरणलेखासाठी नाटकांचा उल्लेखही केला नाही. मॅरेथॉनची राई आणि तिथे उतरलेले शत्रू यांनाच साक्षी ठेवले. लढाईनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी, इ.स.पूर्व ३३० मध्ये, डेमॉस्थेनिसने भर न्यायसभेत शपथ घेतली ती देवांची नव्हे. मॅरेथॉनवर पुढे झालेल्या पूर्वजांची. गावाचे नाव शपथेत घालण्याजोगे झाले होते. आपल्याकडे पानिपत म्हटल्यावर हरयाणातले एक गाव कुणाला आठवत नाही, तसेच हे. फरक इतकाच की अथेन्सकरांच्या वाट्याला जय आला आणि आपल्या वाट्याला पराजय.

आता धावण्याकडे येऊ. तुम्ही ऐकलेली कथा अशी असेल: एक धावपटू मॅरेथॉनहून अथेन्सपर्यंत धावत गेला, ‘आपण जिंकलो’ एवढेच बोलला आणि कोसळून मेला. हिरोडोटस ही कथा सांगत नाही. तो एका वेगळ्या धावेबद्दल लिहितो. लढाईपूर्वी फिडिप्पिडीस नावाचा जासूद मदत मागायला अथेन्सहून स्पार्टाला गेला आणि दुसऱ्याच दिवशी पोचला. हे अंतर सुमारे २४० किलोमीटरचे. स्पार्टाचे लोक पौर्णिमेची वाट पाहत थांबले आणि लढाई संपल्यावर आले. लढाईनंतर संबंध सैन्यच घाईने अथेन्सला परतले, असेही हिरोडोटस सांगतो. एकटा माणूस धावत जाऊन मेल्याची कथा पाच-सहा शतकांनंतरच्या लेखकांत सापडते. प्लुटार्क त्या माणसाचे नाव थेर्सिप्पॉस किंवा युक्लीस असे देतो. ल्युशियन फिलिप्पिडीस म्हणतो. जासुदाची खरी धाव आणि सैन्याचा खरा परतीचा प्रवास यांची गुंफण होऊन ती कथा झाली असावी.

१८७९ मध्ये रॉबर्ट ब्राउनिंग या इंग्रज कवीने त्यावर एक कविता लिहिली आणि सर्व धावा एकाच धावपटूच्या पायांत घातल्या. या कवीला ग्रीक चांगले येत होते. म्हणून त्याच्या कवितेत रानाचा देव पॅन त्या धावपटूच्या हाती बडीशेपेची काडी देतो. त्या क्षणापुरते नावाचे मूळ आणि नावाची कीर्ती पुन्हा एकत्र आली.

त्यानंतर आला मिशेल ब्रेआल. हा फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ. बर्लिनला फ्रान्झ बॉप यांच्याकडे त्याने संस्कृतचा अभ्यास केला होता. शब्दांचे अर्थ कसे आणि का बदलतात याच्या शास्त्राला ‘सेमांतिक’ हे नाव त्यानेच १८८३ मध्ये दिले. आपण त्याला अर्थविचार म्हणतो. १८९४ मध्ये पॅरिसला ऑलिंपिक खेळांच्या पुनरुज्जीवनाचा ठराव झाला, तेव्हा याच ब्रेआलने सुचवले की मॅरेथॉन ते अथेन्स अशी एक शर्यत ठेवावी. विजेत्याला चांदीचा चषक मी देईन. १० एप्रिल १८९६ रोजी ती शर्यत झाली. अंतर सुमारे चाळीस किलोमीटर. मारूसी गावचा, पाणी वाहण्याचा धंदा करणारा स्पिरिदोन लुईस पहिला आला आणि ग्रीस देश आनंदाने वेडा झाला. अर्थबदलाचे शास्त्र मांडणाऱ्या माणसानेच जगातल्या एका सर्वांत गाजलेल्या अर्थबदलाला हात लावला. त्याचा ग्रंथ पुढच्याच वर्षी, १८९७ मध्ये, निघाला. रणभूमीचे नाव शर्यतीचे झाले, आणि शर्यतीवरून ते अंतराचे झाले.

ते अंतरही लगेच ठरले नव्हते. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये विंडसरच्या राजवाड्यापासून स्टेडियममधल्या राजाच्या आसनापर्यंत शर्यत आखली गेली, ती ४२.१९५ किलोमीटर भरली. हेच माप १९२१ मध्ये कायम झाले. त्याच्या आदल्या वर्षी, १९२० मध्ये, बेल्जियमच्या अँटवर्प शहरातल्या ऑलिंपिकला दोराबजी टाटांच्या पुढाकाराने हिंदुस्थानचा एक लहान संघ गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते. त्या वर्षीची मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची, ऑलिंपिकच्या इतिहासातली सर्वांत लांब. चौगुले ती पुरी धावले आणि एकोणिसावे आले. वेळूच्या गावचा माणूस बडीशेपेच्या रानाच्या नावाने धावला. मराठा आणि मॅरेथॉन यांच्यामध्ये शब्दांचा जो पूल आपण मघाशी पाडला, त्याच्या जागी हा दुसरा पूल आहे. तो पायांनी बांधलेला आहे, म्हणून पक्का आहे.

अलीकडे या नावाचे आणखी एक झाले आहे. इंग्रजीने त्याची शेपटी कापून घेतली आणि ती दिसेल त्याला चिकटवली. चालायचे असेल तर ‘वॉकेथॉन’, सायकलींचा मेळावा असेल तर ‘सायक्लोथॉन’, संगणकवाल्यांचा ‘हॅकेथॉन’. ग्रीक भाषेत या शेपटीला स्वतंत्र अर्थ काहीच नाही. शब्दाच्या मधोमध सुरी फिरवून काढलेला तो एक तुकडा आहे. तरीही आज तो जिवंत आहे, रोज नवे शब्द घडवतो आहे आणि कुणाला चुकीचा वाटत नाही.

मग अर्थ कुठे असतो? मला असे वाटते, की मूळ शोधावे ते अभिमानासाठी नव्हे. खोट्या अभिमानापासून वाचण्यासाठी. मॅरेथॉनच्या मुळाशी वीर नाही, देव नाही. आपोआप उगवणारे एक झुडूप आहे. त्या नावाला वजन आले ते १९२ माणसांमुळे, आणि त्यांची आठवण शपथेत, नाटकात, कवितेत वागवणाऱ्यांमुळे. तेही कायम राहिले नाही. बैठकांचे मथळे लिहिणाऱ्यांनी ते हलके करून टाकले. नाव वारशाने मिळते. अर्थ मात्र प्रत्येक पिढीला त्यात भरावा लागतो, आणि भरला नाही तर दुसरा कुणी काहीतरी भरतो. आपल्या घरांच्या पाट्यांवर जी गावांची नावे आडनावे होऊन बसली आहेत, त्यातली कित्येक गावे आपण पाहिलेलीही नाहीत. तिथे वड होता की वेळू, हे विचारून ठेवायला हवे. त्याहून मोठा प्रश्न असा, की इथे राहून आपण त्या नावात काय घातले.

बडीशेपेचे मात्र काही बिघडले नाही. आजच्या ग्रीक भाषेतही तिला ‘मारथो’च म्हणतात, मायसीनीच्या कारकुनाने लिहिलेला तो शब्द अजून स्वयंपाकघरात आहे. क्रीट बेटावर तिचा कोवळा पाला चिरून सारण करतात, ते लाटलेल्या पारीत भरतात आणि तव्यावर भाजतात. तिला ‘मारथोपिता’ म्हणतात. आपण तिला बिनदिक्कत बडीशेपेची पोळी म्हणू.